घनता मोजताना या चुका टाळा

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. सूत्र सोपे असल्यामुळे मोजणीही सोपीच असणार, असे नवशिके गृहीत धरतात. वस्तुमानात सहसा फारसे चुकत नाही. घोळ होतो तो आकारमानात.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे इवलासा तुकडा मोठ्या मोजपात्रात टाकणे. 13.5 ग्रॅम ॲल्युमिनियम 5 मिली पाणी सारते. पण 1 मिलीच्या खुणा असलेल्या पात्रात अर्ध्या मिलीची चूक सहज होते आणि घनता 2.7 ऐवजी 2.45 किंवा 3.0 येते. एवढ्या चुकीत लोखंड (7.87) आणि पितळ (सुमारे 8.5) वेगळे ओळखताच येणार नाहीत. त्यामुळे मी या कामाला मोजपात्र घेतच नाही. पाण्याचे चंचुपात्र वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करतो आणि बारीक दोऱ्याला टांगलेला तुकडा तळाला किंवा काठाला टेकू न देता पूर्ण बुडवतो. काट्यावर दिसणारे ग्रॅम हेच जवळजवळ घन सेंटिमीटरमधील आकारमान असते. 30 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता 0.9957 असते, म्हणून काटेकोर कामात त्या आकड्याने भागावे.

दुसरी चूक बुडबुड्यांची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. 42.5 ग्रॅमच्या एका पिवळ्या सुट्या भागाची घनता मला 7.87 मिळाली. लोखंडावर पितळेचा मुलामा आहे, असे मी छातीठोकपणे सांगितले आणि तो भाग करवतीने कापलासुद्धा. आत थेट पितळच निघाले! त्याला एका बाजूने बंद असलेले, 7 मिमी रुंद आणि 10 मिमी खोल छिद्र होते; ते तोंड खाली करून बुडाल्याने सुमारे 0.4 मिली हवा आत अडकली होती आणि 5 ऐवजी 5.4 घन सेंटिमीटर आकारमान भरले होते. नुसते चुंबक लावून पाहिले असते, तरी तो भाग वाचला असता. तेव्हापासून मी छिद्राचे तोंड वर ठेवतो, पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकतो आणि तुकडा पाण्यातच हलवून घेतो. घाई असलेल्यांना हे अर्धे मिनिट नेमके जड जाते.

वीट आणि लाकूड पाणी पितात. त्यांना मेणाचा पातळ थर द्यावा आणि मेणाचे वस्तुमान व आकारमान वजा करावे. मीठ पाण्यात विरघळते, म्हणून ते रॉकेलमध्ये बुडवावे, मात्र भागाकार रॉकेलच्या घनतेने करावा. तुलनेपूर्वी एकके जुळवावीत: 2.7 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर म्हणजेच 2700 किलोग्रॅम प्रति घन मीटर. आणि 5 मिलीचे आकारमान अर्ध्या मिलीच्या अंदाजाने वाचून 8.4736 असे उत्तर लिहिणाऱ्याची वही मी पुढे वाचत नाही.