तीर्थनला ट्राउट धरायला निघालात? समुद्राच्या सवयी मुंबईतच ठेवा

मढ, मार्वे किंवा वरळीच्या खडकांवर गरवणाऱ्याच्या अंगात एकच पद्धत मुरलेली असते. शिसं जड लावायचं, तंगूस लांब फेकायचा आणि झटका येईपर्यंत बसून राहायचं. हीच मंडळी सुट्टीत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात जातात, फ्लाय (पिसं आणि धाग्यांनी बांधलेला खोटा किडा) फेकायची फ्लाय रॉड हातात घेतात आणि ‘इथे मासाच नाही’ म्हणत परततात. मासा असतो, बहुतेक वेळा तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. तुम्ही पाण्यात पाऊल टाकलंत तेव्हाच तो पळालेला असतो.

लांब फेकण्याची हौस

उगमाकडची नदी अरुंद, उथळ आणि धोंड्यांनी भरलेली असते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, धोंड्याच्या पुढे-मागे किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना चिकटून वाहतं त्या रेषेवर उभा असतो. तिथे त्याला कमी पोहावं लागतं आणि खाणं समोरून वाहत येतं. म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून वर सरकत जायचं. काठाजवळचं पाणी आधी, मधलं नंतर. वाकून चालायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, कपडे मातकट रंगाचे घालायचे. पंधरा ते तीस फुटांचा कास्ट, म्हणजे फेक, इथे पुरतो. पन्नास फुटांचा कास्ट फोटोत छान दिसतो, एवढंच.

एका जागी बसणं ही दुसरी खोड. समुद्रात भरतीबरोबर मासा तुमच्याकडे येतो, इथे तुम्हालाच त्याच्याकडे जावं लागतं. एका खळाळात पाच-सहा चांगले कास्ट करून काही झालं नाही तर पुढच्या धोंड्याकडे चला.

फ्लाय बरोबर पडतो, तरी मासा घेत नाही

नव्वद टक्के लोक इथे फ्लाय बदलत बसतात. माझ्या मते आधी दोरीकडे बघावं. तुमच्या आणि फ्लायच्या मध्ये पाण्याचे तीन-चार वेगवेगळे वेग असतात. मधला जोरदार पट्टा दोरी ओढतो, आणि फ्लाय प्रवाहापेक्षा वेगाने किंवा आडवा घसरू लागतो. खरा किडा असा कधीच वाहत नाही, त्यामुळे ट्राउट त्याला तोंड लावत नाही. उपाय म्हणजे जवळ जाणं, रॉडचं टोक उंच धरणं आणि जमेल तितकी दोरी पाण्याच्या वर ठेवणं. लांबचा कास्ट असेल तर दोरी पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका.

तरीही काही नाही? मग पाण्यातला एखादा दगड उलटून बघा आणि परत होता तसा ठेवा. खाली चिकटलेल्या अळ्या दिसतील. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, म्हणून तरंगणारा फ्लाय सोडून मण्याचं डोकं असलेला १४ किंवा १६ नंबरचा निम्फ, म्हणजे अळीसारखा बुडणारा फ्लाय, लावा. नंबर मोठा म्हणजे गळ लहान, हे दुकानात उभं असताना विसरू नका.

निम्फवर हाताला झटका जाणवेल म्हणून थांबू नका. दोरीचं टोक क्षणभर अडलं किंवा उलट दिशेला सरकलं की रॉड वर उचला. फक्त उचला. रावस अडकवताना मारतात तसा हिसका दिलात तर तंगूस तुटेल, कारण ५एक्स टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक तुकडा, जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो. गाठही त्याच बेताने बांधायची. आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन तिथेच कमकुवत होतो.

कास्ट बिघडतो तेव्हा

फ्लायला वजन नसल्यातच जमा. समुद्रात शिसं दोरीला ओढून नेतं. इथे जाड फ्लाय लाइनच किड्याला नेते. म्हणून जोर लावून काही उपयोग नाही. मागे चाबकासारखा आवाज आला तर दोरी पूर्ण सरळ होण्याआधी तुम्ही हात पुढे आणलात, आणि फ्लाय बहुधा तुटून गेला. दोरी समोर गोळा होऊन पडत असेल तर मनगट फार मागे झुकतंय. लीडरमध्ये (जाड लाइन आणि फ्लाय यांच्या मधला बारीक तंगूस) आपोआप गाठी पडत असतील तर पुढच्या फेकीत अचानक धसमुसळेपणा होतोय.

हे सगळं जायच्या आधी शिवाजी पार्कवर सकाळी लवकर सुधारता येतं. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि गवतावरच सराव करा, सिमेंटवर दोरीचं आवरण खरवडतं. देवदारांच्या दाटीत मागे जागा नसताना लागणारा रोल कास्ट (दोरी मागे न फेकता पुढे गुंडाळत नेणारी फेक) मात्र गवतावर नीट येत नाही, त्याला पाण्याची पकड लागते. डास पळवणारं मलम हाताला लावून दोरीला हात लावू नका; त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिक विरघळवतं.

तारीख आणि पाणी

ब्राउन ट्राउट ब्रिटिशांनी आणलेला, थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो हैराण होतो, म्हणून आपल्या सह्याद्रीच्या नद्यांत त्याला शोधू नये. तो हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट काढणाऱ्यांचा इथेच घात होतो. मे महिन्यात बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं आणि राखाडी होतं, त्यामुळे सकाळ साधा. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. मासा सोडणार असाल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका आणि हात ओले करूनच मासा धरा.

तीर्थन पुढे लारजीजवळ बियास नदीला मिळते. तिथेच, लारजी धरणाच्या खाली, ८ जून २०१४ रोजी अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ इंजिनीअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. आपल्याला भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायची सवय, पण या पाण्याला तसं वेळापत्रक नसतं. धरणाखाली पाण्यात उतरूच नका. वरच्या नदीतही गुडघ्याच्या वर जाऊ नका आणि प्रवाहाकडे छाती न करता खांदा करून उभे राहा. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहत येऊ लागली किंवा नदीचा आवाज वाढला, तर सरळ उंच काठावर चढा. सामान गोळा करत बसू नका.