ब्रिटनमध्ये अ‍ॅप्रेंटिस जॉकी व्हायचंय? आधी नोकरी, मग परवाना

परवान्याचा अर्ज भरणं हे या तयारीतलं शेवटाकडचं काम आहे, आणि बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. ब्रिटनमध्ये फ्लॅटच्या, म्हणजे विनाअडथळ्याच्या शर्यतींतल्या शिकाऊ स्वाराला अ‍ॅप्रेंटिस म्हणतात. अडथळ्यांच्या शर्यतीतला शिकाऊ तो कंडिशनल. दोघांचेही परवाने ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी देते, आणि दोघांनाही पहिली अट तीच: परवानाधारक ट्रेनरच्या तबेल्यात नोकरी हवी. ट्रेनरच्या सहीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तेव्हा क्रम असा धरा: तबेल्यातलं काम, मग ट्रेनरचा विश्वास, मग कोर्स, मग अर्ज. वयाचं गणितही आधीच मांडा. परवाना सोळा पूर्ण झाल्यावर मिळतो आणि वजनाची सवलत, म्हणजे शिकाऊ म्हणून घोड्यावर कमी भार नेण्याची मुभा, सव्वीस पूर्ण होईपर्यंतच चालते. चोविसाव्या वर्षी शून्यातून सुरुवात करणाऱ्याला कोणताही ट्रेनर हे गणित तोंडावर ऐकवेल, कारण तबेल्यात रुळायलाच वर्ष-दीड वर्ष जातं.

घोड्यावर बसता येतं आणि रेसचा घोडा चालवता येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रायडिंग क्लबात शिकलेल्याने न्यूमार्केटचं ब्रिटिश रेसिंग स्कूल किंवा डॉनकॅस्टरजवळ बॉट्रीचं नॅशनल हॉर्सरेसिंग कॉलेज गाठावं. तिथल्या काही आठवड्यांच्या निवासी पायाभूत कोर्समध्ये लीद काढण्यापासून आखूड रिकिबीत गॅलप, म्हणजे भरधाव दौड, मारण्यापर्यंत सगळं करून घेतात आणि बहुतेकांना तिथूनच तबेल्यात नोकरी लागते. शाळकरी वयात पोनी शर्यती मारलेली मुलं यात पुढे असतात, हे मान्य करून चालावं. भारतातून जाणाऱ्याने काम करण्याचा कायदेशीर हक्क आधी बघावा. तो नसेल तर पुढची सगळी यादी कागदावरच राहते. मुंबई-पुण्याचा परवाना असलेल्याने रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडून क्लिअरन्सचं पत्र घ्यावं आणि इथले विजय व शिक्षा दोन्ही अर्जात लिहाव्यात. इथलं निलंबन तिथे कळत नाही अशा भ्रमात राहू नका. रेसिंगच्या संस्था एकमेकांच्या शिक्षा मानतात.

नोकरी मिळाली की करारनामा नीट वाचा. पहिल्या शर्यतीच्या आनंदात नेमका हाच कागद न वाचता सही होतो. अ‍ॅप्रेंटिसच्या राइडिंग फीमधला आणि बक्षिसातला काही वाटा ट्रेनरकडे जातो, त्या बदल्यात ट्रेनर त्याचा काही खर्च उचलतो. वाटा किती, मैदानापर्यंतच्या गाडीचं पेट्रोल कोणाचं, खोगीर आणि बूट कोणाचे, दुसऱ्या ट्रेनरसाठी घोडा चालवला तर हिशेब कसा, हे आकड्यांत लिहून घ्या. ‘बघू नंतर’ याचा अर्थ सहा महिन्यांनी कुरबूर. तबेल्याच्या पगाराची स्लिप वेगळी आणि शर्यतीच्या कमाईचा हिशेब वेगळा ठेवा. कराच्या वेळी हे दोन ओघ वेगळे दाखवावे लागतात.

आता वजन. यादीतला सगळ्यात जड भाग हाच, आणि तिथे मोजमाप स्टोन-पौंडात असल्यामुळे आपल्याकडच्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर किलोंत विचार करायची सवय असेल तर एक कोष्टक पाठ करा: १ स्टोन म्हणजे १४ पौंड, म्हणजे ६.३५ किलो. अ‍ॅप्रेंटिसला पहिल्या २० विजयांपर्यंत ७ पौंडांची सवलत मिळते, ५० पर्यंत ५ ची, ९५ पर्यंत ३ ची, आणि मग तो इतरांसारखा पूर्ण जॉकी. कंडिशनलसाठी हेच टप्पे २०, ४० आणि ७५ आहेत. घोड्याला हँडिकॅपमध्ये, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे भार ठरवलेल्या शर्यतीत, ८ स्टोन १० पौंड आले असतील, म्हणजे ५५.३ किलो, तर सात पौंडवाल्या पोराने काट्यावर ८ स्टोन ३ पौंड भरायचे, म्हणजे ५२.२ किलो. त्यात खोगीर, बूट, ब्रीचेस मिळून दीड-दोन किलो जातात. उरतं पन्नासच्या आसपास, आणि ते पोटात पाणी असताना. सवलत म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं ओझं कमी. स्वाराला ती मिळते ती स्वतःचं वजन तेवढं खाली असेल तरच. साठ किलोच्या माणसाला सात पौंडांचा उपयोग शून्य.

म्हणून ट्रेनरकडे जाण्याआधी महिनाभर रोज सकाळी, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. एका दिवसाचा आकडा फसवा असतो, महिन्याची सरासरी खरं सांगते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची उंची अजून वाढत असेल, वडील-काका धिप्पाड असतील, तर फ्लॅटचा हट्ट सोडून अडथळ्यांकडे वळणं शहाणपणाचं. तिथे किमान भार बराच वर आहे. फ्लॅटच्या हँडिकॅपमध्ये तळाचा भार २०२२ पासून ८ स्टोन २ पौंड आहे. घाम गाळून दोन किलो उतरवायचा जुना रस्ता आता मैदानावर बंद आहे. कोविडमध्ये २०२० साली बंद झालेले रेसकोर्सवरचे सौना नंतर उघडलेच नाहीत. घरी गरम पाण्याच्या टबात बसून किंवा रबरी सूट घालून पळून वजन उतरवणारे अजून आहेत. त्यांचं काय होतं ते शेवटच्या दोनशे मीटरवर दिसतं: पाय थरथरतात, हात लगामाला ढील देतात आणि घोडा रेलिंगकडे झुकतो तेव्हा त्याला सरळ करायची ताकद उरलेली नसते. जखमी जॉकींना मदत करणाऱ्या इंजर्ड जॉकीज फंडाच्या लॅम्बोर्न, मॉल्टन आणि न्यूमार्केट इथल्या केंद्रांत व्यायाम आणि पुनर्वसनासाठी माणसं आहेत. दुखापत होईपर्यंत वाट न पाहता आधीच तिथे जाऊन या.

खाण्याबरोबर गोळ्यांचा विषय येतोच. स्वाराची लघवी आणि श्वास दोन्ही तपासतात. श्वासातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १७ मायक्रोग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्याला ३५ चालतात. म्हणजे रात्री लग्नात घेतलेली सकाळी गाडी चालवताना एखाद वेळी पकडली जाणार नाही, पण काट्याच्या खोलीत, म्हणजे स्वारांचं वजन होतं तिथे, पकडली जाऊ शकते. वजन उतरवायला लघवीच्या गोळ्या घेणं सरळ निषिद्ध आहे. सर्दी-खोकल्याची औषधं, वेदनाशामक, जिममधली पावडर, आणि गावाहून डब्यात आलेली बिनलेबलची चूर्णं, सगळ्यांची नावं आधी डॉक्टरला दाखवा. अनारशांवरची खसखस हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि तो लघवीत उतरू शकतो. शर्यतीच्या आठवड्यात खसखस घातलेली खीर किंवा मसाल्याचं वाटण टाळलेलं बरं.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरचा फॉर्म, नजर, जुनी हाडं मोडल्याची नोंद आणि डोक्याला मार लागल्यास तुलना करता यावी म्हणून आधीची मेंदूची बेसलाइन चाचणी असते. ही चाचणी देताना काही पोरं मुद्दाम हळू उत्तरं देतात, म्हणजे पुढे पडल्यावर फरक दिसू नये. डॉक्टर हे डाव ओळखून असतात, आणि शिवाय हा डाव स्वतःच्याच डोक्याशी खेळलेला असतो. चष्म्यावर शर्यत मारता येत नाही. लेन्स लागत असतील तर त्यांवर आधी दोन-तीन महिने सकाळच्या गॅलपला जा. थंडीत, धुळीत, पावसात लेन्स कशी वागते ते पाहून ठेवा.

परवान्याच्या कोर्सआधी एक दिवसाची पूर्वपरीक्षा असते. प्लँक, स्क्वॅट, पुश-अप, बीप टेस्टसारखी धावण्याची चाचणी आणि यांत्रिक घोडा. बाकी सगळ्यात पास होणारे या घोड्यावर नापास होतात. आखूड रिकिबीत, पाठ आडवी ठेवून, हात मानेवर पुढे-मागे ढकलत दोन मिनिटं काढायची असतात. मांड्या पहिल्या मिनिटाला पेटतात आणि दुसऱ्या मिनिटाला पाठ वर यायला लागते. तयारी घरी करता येते: भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, मग तेच न टेकता, मग तेच हातात काठी घेऊन ती उजवीकडून डावीकडे बदलत. काठी बदलताना हात डळमळला की घोडा वाकडा जातो, आणि परीक्षक नेमकं तेच बघत असतो. तोंडी प्रश्नांत नियम विचारतात, तेव्हा नियम पाठ असावेत.

चाबकाचे नियम २०२३ पासून कडक आहेत. फ्लॅटमध्ये एका शर्यतीत जास्तीत जास्त ६ फटके, अडथळ्यांत ७. त्याहून चार किंवा अधिक झाले तर घोडाच बाद होतो, म्हणजे फ्लॅटमध्ये दहावा फटका मालकाचं बक्षीस घालवतो. मोठ्या शर्यतींत शिक्षा दुप्पट. हात खांद्याच्या वर नेऊन मारलं, घोड्याच्या कुशीवर मारलं, फटक्यानंतर घोड्याला प्रतिसादाला वेळच दिला नाही, तर सहा पूर्ण होण्याआधीही शिक्षा होते. चाबूक मऊ गादीचा, ठरवून दिलेल्या मापाचाच लागतो. नवख्याचं चुकतं ते मोजण्यात. शेवटच्या फर्लाँगमध्ये, म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, आकडे डोक्यात राहत नाहीत. म्हणून सकाळच्या कामातही प्रत्येक वेळी मोठ्याने मोजायची सवय लावा. तबेल्यातली पोरं हसतील, हसू द्यात.

सामानात फार डोकं घालू नका, पण दोन गोष्टी चुकवू नका. अंगरक्षक जाकीट शर्यतीसाठी लेव्हल १ चं, काळ्या लेबलचं असतं. ते सगळ्यात हलकं आणि सगळ्यात कमी संरक्षण देणारं, फक्त परवानाधारक जॉकीसाठी. रोजच्या कामाला तेच घालणं म्हणजे काही ग्रॅमसाठी बरगड्या पणाला लावणं. कामाला लेव्हल ३ चं घाला. हेल्मेट डोक्यावर आपटलं की बाहेरून कितीही नीट दिसलं तरी बदलायचं. बाकी खोगीर, तंग, रिकिबीचे पट्टे आदल्या रात्री टाका-टाका तपासा, विशेषतः बकलाखालची कातड्याची घडी, कारण कातडं तिथेच आधी चिरतं.

परवाना हातात आल्यावर पहिल्या शर्यतीच्या दिवशी मैदानावर दोन तास आधी पोचा आणि मैदान पायी फिरा. महालक्ष्मी आणि पुण्यात घोडे उजवीकडेच वळतात. ब्रिटनमध्ये तसं एक काही नाही. चेस्टर डावीकडचं आणि मैलभराचं गोल, म्हणजे वळणाला अंतच नाही, आणि बाहेरच्या स्टॉलमधून सुटलेला घोडा शर्यतभर बाहेरच राहतो. एप्समला टॅटनहॅम कॉर्नरकडे उतार आहे, तिथे तोल पुढे गेलेला घोडा पाय चुकवतो. अ‍ॅस्कट आणि केम्प्टन उजवीकडे, न्यूमार्केटला लांबच लांब सरळ. नकाशावर हे कळतं, पण ओल कुठे आहे आणि रेलिंगजवळचं गवत कुठे तुडवलेलं आहे ते पायांनाच कळतं. तुम्हाला नेमून दिलेला जॉकी कोच असतो; त्याला पहिल्या मैदानावर सोबत चालायला सांगा, तो येतो.

फोन जमा किंवा बंद. जॉकींच्या खोलीत ठरलेल्या जागेखेरीज फोन वापरला तर दंड होतो. रेसिंगवर पैज लावणं जॉकीला पूर्ण बंद आहे, कुठल्याही देशातल्या शर्यतीवर. ‘आज आमचा घोडा तयार आहे’ एवढं वाक्य गावाकडच्या मित्राला पाठवणं हेही आतली माहिती देणं ठरू शकतं. घरच्यांनाही हे आधी समजावून ठेवा. महालक्ष्मीवर तिकीट घेणारा एखादा मामा प्रत्येक कुटुंबात असतो.

काट्याच्या कारकुनासमोर शर्यतीच्या किमान १५ मिनिटं आधी खोगिरासकट उभं राहायचं. काय धरून मोजतात ते आधी विचारून पक्कं करा: खोगीर आणि जाकीट अंगावर, पण हेल्मेट, चाबूक आणि लगाम काट्याबाहेर. वजन कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या वजनाच्या कापडात घालतात. त्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते स्वतः हात घालून बघा. वजन जास्त भरलं तर ते जाहीर होतं, ट्रेनरचा चेहरा उतरतो, आणि पुढच्या वेळी फोन येत नाही. शर्यतीनंतर खोगीर उतरवण्याच्या जागेपर्यंत, घोड्याला किंवा तुम्हाला इजा नसेल तर, खाली उतरायचं नाही, आणि परत वजन होईपर्यंत खोगीर दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. शिशाची एक पट्टी वाटेत पडली आणि वजन उणं भरलं, तर जिंकलेला घोडा बाद होतो.

विजयांची मोजणी स्वतः करा. ती तुम्हाला घोडे मिळवून देणाऱ्या एजंटावर किंवा तबेल्याच्या सेक्रेटरीवर सोडू नका. चुकीची सवलत लावून काट्यावर गेलात तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. वहीचं एक पान त्यासाठी ठेवा: तारीख, मैदान, घोडा, धावसंख्येसारखा पुढे वाढत जाणारा आकडा. गट दर्जाच्या आणि लिस्टेड, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातल्या, शर्यतींत सवलत चालत नाही, तेव्हा त्या शर्यतींचं वजन पूर्ण धरूनच हो म्हणा. आणि ज्या संध्याकाळी विसावा विजय लिहाल, त्याच संध्याकाळी ट्रेनरला आणि एजंटाला दोघांनाही कळवा: आता सात नाही, पाच.