इंग्रजी 'टाइम' पोर्तुगीजमध्ये नेताना या चुका टाळा

शब्दकोशात 'टाइम'पुढे पहिला अर्थ दिसतो 'तेम्पु', आणि नवखा भाषांतरकार तोच सगळीकडे लावून मोकळा होतो. पोर्तुगीजला मात्र इथे निदान तीन शब्द लागतात: तेम्पु, ओरा आणि वेस. (उच्चार ब्राझीलमधले, साओ पावलोकडचे.)

मराठी माणसाने यात इंग्रजीमागे जाऊच नये. आपण 'माझा वेळ गेला' म्हणतो, पण 'जेवणाची वेळ झाली'. खर्च होणारा तो वेळ म्हणजे तेम्पु, घड्याळातली ती वेळ म्हणजे ओरा. लिंगंसुद्धा जुळतात, तेम्पु पुल्लिंगी आणि ओरा स्त्रीलिंगी! हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला फार उपयोगी. आणि 'तीन वेळा' मधली वेळ म्हणजे वेस, अनेकवचनी वेझिस. म्हणून किती वाजले हे विचारताना 'की ओरास सांव?', पाढे म्हणताना 'त्रेस वेझिस क्वात्रु', गोष्टीची सुरुवात 'एरा उमा वेस'. वेस स्त्रीलिंगी असल्यामुळे 'दोन वेळा'साठी 'दोइस' चालत नाही, 'दुअस' हवं.

'मजेत वेळ गेला' या अर्थाचं इंग्रजी वाक्य शब्दशः नेऊ नका. 'बोम तेम्पु' म्हटलं की पोर्तुगीज वाचकाला छान हवा आठवते, कारण तेम्पु म्हणजे हवामानही. तिथे 'जिव्हेर्चिर-सी', म्हणजे मजा करणे, हे क्रियापद घ्या.

ॲपचं भाषांतर करताना नुसता 'टाइम' असा मथळा आला तर अंदाज बांधू नका. खालच्या रकान्यात काय आहे ते मागवून घ्या. १०:३० असेल तर ओरा किंवा 'ओरारिउ', ४५ मिनिटं असतील तर तेम्पु. हा नमुना न मागता काम पुढे रेटणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. चुकीच्या मथळ्यामुळे गाडीची वेळ आणि प्रवासाला लागणारा वेळ यांची गल्लत होते, आणि ती प्रवाशाला भोवते.

शेवटची तपासणी स्पेलचेकवर सोडू नका. ब्राझीलमध्ये इंग्रजी 'टीम'वरून आलेला, पण इंग्रजी 'टाइम'च्याच अक्षरांत (time) लिहिला जाणारा 'चिमी' हा रूढ शब्द आहे, अर्थ संघ. त्यामुळे भाषांतरातून चुकून राहिलेला इंग्रजी 'टाइम' स्पेलचेकला बरोबरच वाटतो. मजकुरात तो शब्द स्वतः शोधा आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ संघच आहे ना, हे पाहा.