मिनी मिलचं सीएनसी करताय? या चुका टाळा

संगणकाने चालणाऱ्या (सीएनसी) एक्स-२ जातीच्या मिनी मिलवर, म्हणजे छोट्या मिलिंग मशीनवर, ५० मिमीचं पॉकेट (खाच) काढलं आणि ते ४९.८ भरलं, की बहुतेकांचा हात आधी सॉफ्टवेअरमधल्या स्टेप प्रति मिमीच्या आकड्याकडे जातो. तो आकडा जुळवायचा नसतो, हिशेबाने येतो. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या बोर्डवर) ८ मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे आठ भाग, म्हणून १६००. १६०५ बॉल स्क्रूची (गोळ्यांच्या नटात फिरणाऱ्या स्क्रूची) लीड, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, ५ मिमी, म्हणून ३२०. त्यात ओढाताण केली तर ५० चं पॉकेट जुळेल, १० चं कमीच राहील.

आधी डायल (बारीक सरक मोजणारं काट्याचं गेज) लावा. मॅग्नेटिक बेस हेडवर, टोक टेबलाला. टेबल एकाच दिशेने २ मिमी न्या, डायल शून्य करा, आणखी १ मिमी पुढे, मग १ मिमी मागे. काटा शून्यावर न येता ०.२ वर थांबला तर तेवढा बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारा खेळ, आहे. फरक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तर स्टेपचा आकडा तपासा. जॉब चालू असताना शून्य एकाच बाजूला सरकत चाललं असेल, तर स्टेप गळताहेत किंवा कपलिंगचा (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा) स्क्रू घसरतोय. शाफ्ट आणि कपलिंग यांवरून मार्करने सलग रेघ मारून ठेवा. घसरलं की रेघ तुटलेली दिसते.

बॅकलॅश निघाला की सगळे नटला दोष देतात. डायल स्क्रूच्या टोकावर लावून टेबल हाताने पुढेमागे ढकला. काटा हलला तर खेळ बेअरिंगमध्ये आहे. नवा बॉल स्क्रू जुन्या बुशमध्ये बसवल्यावर हमखास हेच होतं. तिथे बीके-१२ सारखा अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगचा ब्लॉकच हवा. बॉल नट मात्र स्क्रूवरून थेट काढू नका, गोळ्या सांडतात. टोकाला स्क्रूच्या आट्यांच्या तळाच्या व्यासाहून किंचित कमी व्यासाची नळी धरून तिच्यावर सरकवा.

जुनाच स्क्रू ठेवणार असाल तर क्लाइंब कट (कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच जॉब सरकवणं) विसरा, कटर टेबल ओढून घेतो. मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी लिनक्ससीएनसीमध्ये बॅकलॅशची भरपाई आहे, जीआरबीएलमध्ये नाही. पण भरपाईने कटरखालचा खेळ जात नाहीच.

जिब (टेबलाच्या सरकपट्टीतला खेळ घालवणारी पट्टी) आवळताना टेबल मध्यावर ठेवून भागत नाही. घसाऱ्यामुळे मधला भाग ढिला असतो. तिथे घट्ट केलं की टोकाला मोटर अडकते. टोकाला नीट फिरेल एवढंच आवळा.

आता सर्वांत चकवणारी भानगड. पेक ड्रिलिंग (थोडं भोक पाडून ड्रिल वर काढत पुढे जाणं) करताना झेड (वर-खाली जाणारा अक्ष) हळूहळू खाली जात राहतो किंवा वर चढतो, एक्स-वाय मात्र ठीक. इथे लोक करंट वाढवतात, ॲक्सिलरेशन कमी करतात, काही फरक पडत नाही. कारण बहुधा स्टेप सिग्नलची उलटी बाजू. डीएम-५४२ ड्रायव्हरचे पल्स प्लस (स्टेप सिग्नलची धन टोकं) ५ व्होल्टला जोडले असतील तर सिग्नल खाली जाताना लागू होतो; जीआरबीएलला हे सांगितलं नाही तर दिशा बदलताना स्टेप चुकते. एका स्टेपची चूक ०.००३ मिमी, म्हणून आधी दिसत नाही. १०० भोकं, प्रत्येकी ४ पेक, म्हणजे ४०० स्टेप: सव्वा मिलिमीटर! तिन्ही अक्षांची जोडणी अशीच असेल तर जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $२=७ करा.

२४ व्होल्टच्या सप्लायवर नेमा-२३ आकाराची स्टेपर मोटर हळू चालते तोवर गोड वाटते, वेग वाढवला की थांबते. डीएम-५४२ ची मर्यादा ५० व्होल्ट. ४८ ही काठावरची पातळी, कारण ब्रेक लागताना मोटर उलटा व्होल्टेज परत पाठवते, ३६ बरा. चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर कधीच काढू नका.

या मशीनच्या अनेक मॉडेलमध्ये स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या पोटेन्शियोमीटरची वायर मेन्सपासून वेगळी केलेली नसते. तिथे अर्डुइनो थेट जोडला तर बोर्ड जळेल, लॅपटॉप जाईल, शिवाय शॉकची भीती. ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) असलेला इंटरफेसच लावा. लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणारे) नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलं असणारे) घ्या, वायर शील्डेड, शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला.

बॉल स्क्रू स्वतःहून धरून राहत नाही, हे लाइट गेल्यावर कळतं: हेड घसरत खाली येतं आणि कटर जॉबमध्ये रुततो. मूळ स्प्रिंग काढली असेल तर गॅस स्प्रिंग लावा, नाहीतर ब्रेक असलेली झेड मोटर घ्या.