रानात लेपिडोलाइट ओळखताना

लेपिडोलाइट हे लिथियमयुक्त अभ्रक आहे. फिकट गुलाबी ते जांभळट रंगामुळे ते पाहताक्षणी ओळखू येईल असे वाटते, आणि फसगत नेमकी तिथेच होते. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यात मँगनीजमुळे गुलाबी किंवा तांबूस झालेले दगड पुष्कळ मिळतात. म्हणून विदर्भात हिंडणाऱ्याने रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

आधी खडक पाहावा. अमरावती, अकोला, बुलढाण्याकडचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे आणि त्याच्या पोकळीत सापडणारा जांभळा खडा बहुधा ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळी गारगोटी, असतो. लेपिडोलाइट पेग्माटाइटात मिळते, त्यामुळे पूर्वेकडील नीस (पट्टेदार खडक) आणि ग्रॅनाइटचा प्रदेशच धुंडाळावा. बोटाएवढे, कधी वीतभर मोठे गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे तुकडे एकमेकांत घट्ट रुतलेले दिसले, की तो पेग्माटाइट समजावा. बहुतेक पेग्माटाइटांत लिथियम नावालाही नसते. पातळ पापुद्र्यांचा पांढरा अल्बाइट (फेल्डस्पारचाच एक प्रकार) आणि गुलाबी किंवा हिरवे टुर्मलिन हे खनिज सोबतीला असेल तर आशा धरावी. नुसते काळे टुर्मलिन असेल तर घाई करू नये. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये कथिल असलेल्या पेग्माटाइटांत लेपिडोलाइट मिळालेले आहे.

पावसाळ्यानंतर नाल्यांचे काठ धुऊन निघतात, तेव्हा पाहणी सोपी जाते. नव्या विहिरीबाहेरचा मलबा तर अवश्य पाहावा, कारण त्यात न झिजलेला ताजा दगड मिळतो. रामटेक तालुक्यात अशाच एका ढिगाऱ्यात मला सुंदर गुलाबी तुकडा मिळाला होता. पण चाकूच्या टोकाने त्याचा एकही पापुद्रा सुटेना, आणि तो अभ्रक नाही हे तिथेच कळले.

ही चाकूची परीक्षा फार मोलाची आहे. लेपिडोलाइटचा पापुद्रा सुटतो, वाकतो आणि सोडताच पुन्हा सरळ होतो. त्याची कठिणता 2.5 ते 3.5 असल्याने पोलादी टोकाने सहज ओरखडा उठतो. मात्र त्याचे बारीक खवल्यांचे गोळेही असतात. तेव्हा भिंगातून खवल्यांची चमक पाहावी.

गुलाबी मस्कोव्हाइट, म्हणजे साधे अभ्रक, या सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण होते, म्हणून शेवटी ज्योत लागते. पापुद्रा स्वच्छ धुऊन, पुसून, बोट न लावता चिमट्यात धरावा, कारण घामातल्या मिठाचा सोडियम ज्योत पिवळी करून खरा रंग झाकतो. गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीत लेपिडोलाइटची कड बुडबुडे येऊन लवकर वितळते आणि ज्योतीला किरमिजी लाल झाक येते. मस्कोव्हाइट पांढरे पडते, पण सहजी वितळत नाही. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि वाळलेल्या पऱ्हाटीजवळ ज्योत मुळीच पेटवू नये.

एवढे जुळले तरी लिथियमचे प्रमाण किती ते प्रयोगशाळेतच कळते. हातात धरून वापरायचे, क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे एक्सआरएफ यंत्र लिथियम दाखवत नाही, कारण हे मूलद्रव्य त्याच्या आवाक्याबाहेर हलके आहे. लेपिडोलाइटमध्ये लिथियमसोबत असणारे रुबिडियम जास्त दिसले तर तो फक्त आडवाटेचा पुरावा असतो. नमुना जमीनमालकाला विचारूनच उचलावा, वनक्षेत्रात परवानगीशिवाय हातोडा चालवू नये, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात बांधून त्यावर गाव, नाला व आसपासचा खडक तिथेच लिहून ठेवावा.