स्टाफरूममधला विरोध: या चुका टाळा

"आधी पोर्शन पुरा होऊ द्या, मग तुमची ती संस्कृती." बहुसांस्कृतिक शिक्षणाचा, म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलांच्या चालीरीती-भाषांना शिकवण्यात जागा देण्याचा, विषय काढला की मुंबईतल्या स्टाफरूममध्ये हे वाक्य येणारच. येऊ द्या. खरा घोळ होतो तो आपण उत्तर देताना.

सगळ्यात वाईट म्हणजे चारचौघांत तोंडघशी पाडणं. मी ते 2022 मध्ये केलंय. पाचवीच्या वहीत प्रश्न होता, गोकुळाष्टमी कोणत्या महिन्यात येते? जौनपूरकडच्या मुलाने लिहिलं, भाद्रपद. बाईंनी लाल फुली मारली. पण पोरगं बरोबर होतं! आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून आपला श्रावण वद्य पक्ष तो त्यांचा भाद्रपद कृष्ण, अष्टमी तीच. मी ती वही मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या डब्यांमध्ये आपटली आणि "हा पूर्वग्रह आहे" म्हणून मोकळा झालो. बाईंनी बोलणं टाकलं. पूर्वग्रह कसला, माहिती नव्हती इतकंच. मलाही आदल्या दिवशी मुलाच्या वडिलांनी सांगितलं म्हणून ठाऊक.

आता मी मराठी कॅलेंडर आणि हिंदी पंचांग शेजारी शेजारी टांगतो आणि ज्यांचा विरोध आहे त्यांनाच विचारतो, "मॅडम, यात फरक का हो?" चंद्राच्या कला शिकवायच्याच असतात, पोर्शनही तिथेच होतो.

परिपत्रक नाचवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये भयमुक्त वातावरण, मातृभाषा, सगळं आहे. वाचून दाखवलंत की लोक सही करतात आणि वर्गात जाऊन होतं तेच करतात.

वेशभूषा दिन आणि इडली-ढोकळ्याचा स्टॉल हा नवख्यांचा लाडका शॉर्टकट. "झालं की तुमचं बहुसांस्कृतिक!" म्हणायला सहकारी मोकळे, पुढच्या जूनपर्यंत विषय बंद.

एकट्या मुलाला उभं करून "तुमच्यात काय करतात?" विचारणं, कृपया नको.

"मुंबईत राहून मराठी नको का?" यावर भांडता कशाला? हवीच म्हणा. पालिकेच्या शाळा 8 माध्यमांत चालतात आणि तमिळ, उर्दू माध्यमाची मुलंही मराठी शिकतातच.

त्या बाई बोलल्या 2023 च्या अधिक श्रावणात. "सर, उत्तरेकडे अधिक कुठे बसतो हो?" मी पंचांग पुढे केलं. अर्धा श्रावण, मग अख्खा अधिक, मग उरलेला अर्धा. बाईंनी तासाला फळ्यावर तीन चौकटी काढल्या.