विळा, कोयता न् खिशातला चाकू: धार कशी लावायची, कशी टिकवायची

खंडेनवमीला आपण विळे, कोयते, खुरपी, कुदळी सगळं धुवून पुसून मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत गोठ्याच्या वळचणीला जातं. धार कोण बघतच नाही. मग पंधरा-वीस दिवसांनी आमच्या बेळगाव भागात, खानापूर-जांबोटीकडं, भात पिवळं पडलं की सकाळी बांधावर उभं राहून ओरडायचं, "ह्यो विळा कुणाचा गा, ह्यानं कोथिंबीर पण कापायची नाही." माझं म्हणणं एवढंच की पूजेच्या आदल्या दिवशी एक तास काढा, सगळ्या अवजारांना धार करा आणि मग पूजेला मांडा.

कारण बोथट विळा हा धारेच्या विळ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. धार असली की पातं नुसतं ओढलं तरी काड कापलं जातं, धार नसली की आपण जोर लावतो, पातं काडावरनं घसरतं आणि त्या जोरासकट डाव्या हातावर येतं. माझ्या डाव्या करंगळीवर जी आडवी खूण आहे ती बोथट विळ्याचीच आहे, सुगीच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, अंगात दम नसताना आणि आता एवढी एकच ओळ राहिली म्हणून घाई करताना लागलेली.

धार आहे की नाही हे बोट फिरवून बघू नका. विळा उन्हात धरा, धारेची कडा सरळ डोळ्यांसमोर येईल असा, आणि हळूहळू थोडा हलवा. चांगली धार दिसतच नाही, ती इतकी बारीक असते की तिच्यावर उजेड पडून परत यायला जागाच नसते. जिथं पांढरी रेघ चमकते तिथं पातं बोथट आहे, आणि जिथं एकच ठिपका चमकतो तिथं दगडावर लागून टवका उडालाय. एकदा हे बघायची सवय लागली ना की कुठल्या भागावर किती काम करायचं हे आपोआप कळतं, सगळं पातं उगाच घासत बसावं लागत नाही.

आता विळा घ्यायचा कुठला. बाजारात पत्र्यासारखे पातळ तयार विळे स्वस्तात मिळतात, ते एक सुगी जातात न जातात. लोहाराकडं (आमच्या भागात अर्धी माणसं कंबारच म्हणतात, कानडीतनं आलेला शब्द, आणि विळ्याला कुडगोल) जुन्या ट्रकच्या कमानीच्या (चाकावरच्या स्प्रिंगच्या) पाट्याचा विळा करून मिळत असेल तर तोच घ्या. ते लोखंड चिवट असतं, दाबलं की वाकायचं आणि परत सरळ व्हायचं हेच त्याचं आयुष्यभराचं काम, त्यामुळं पाणी नीट दिलं तर धारही धरतं आणि मोडतही नाही.

हे पाणी देणं एकदा तरी भट्टीजवळ बसून बघा. पातं तापवून लाल करतात, मग धारेचा भाग तेवढा पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढतात, पाठ अजून गरमच असते. झटकन दगडानं घासून धार पांढरी करतात आणि नुसतं बघत बसतात. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडं सरकते आणि त्या पांढऱ्या लोखंडावर रंग चढायला लागतात, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हे सगळं थोडक्या वेळात होतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पिवळा दिसला की लगेच म्हणालो, "मामा, आत्ता बुडवा की." ते म्हणाले, "थांब गा, अजून पिवळाच हाय, घाई केलास तर दगडावर लागल्या लागल्या टवका उडतोय." तपकिरी रंग जाऊन जांभळी छटा यायला लागली तसं पातं चुर्र करून पाण्यात गेलं. लवकर बुडवलं तर पातं काचेसारखं ठिसूळ, उशीर झाला आणि निळं पडलं तर मऊ, धार दुमडते.

हे का सांगतोय तर इलेक्ट्रिक ग्राइंडर. बाजाराच्या दिवशी एकाकडं आमचा जुना कोयता दिला, वडिलांच्या हातचा, त्यानं दोन मिनिटांत ठिणग्या उडवून वस्तऱ्यासारखा करून दिला आणि मी खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी उसात अर्ध्या तासात धार गेली. बघतो तर कडेला वीतभर निळा पट्टा. ग्राइंडरनं धार इतकी तापली की लोहारानं दिलेलं सगळं पाणी उतरलं. तो पट्टा घासून जाईपर्यंत ती धार परत टिकणार नव्हती, शेवटी परत भट्टीत घालून पाजवून आणावा लागला. ग्राइंडर वापरायचाच असेल तर दोन-तीन सेकंद टेकवा, पाण्यात बुडवा, परत टेकवा, आणि पातं उघड्या बोटाला सोसवेल एवढंच गरम होऊ द्या. पण घरी कानस आणि दगड असताना त्याची गरज नाही.

साध्या विळ्याला धार लावायला अर्धगोल कानस आणि कार्बोरंडमचा दगड, एका बाजूनं भरड आणि दुसरीकडं बारीक, एवढं पुरतं. विळ्याची मूठ गुडघ्याखाली दाबून किंवा लाकडाच्या ओंडक्याला टेकवून पातं पक्कं धरा. कानस फक्त पुढं ढकलताना चालते, परत आणताना उचलायची, मागं-पुढं घासली की कानशीचेच दात जातात. पात्याचा जो उतार लोहारानं काढलाय तोच धरून मुठीकडनं टोकाकडं सरकत जा. कानस नुसती घसरायला लागली, कापतच नाही असं वाटलं, तर पाणी कडक दिलेलं आहे, तिथं कानस सोडा आणि भरड दगड घ्या. घासता घासता पलीकडच्या बाजूला एक बारीक खरखरीत कडा येते, नखाला लागते, तिला तार म्हणतात. ती सगळ्या लांबीवर आली की ह्या बाजूचं काम झालं. मग पलीकडनं बारीक दगड जवळजवळ सपाट धरून दोन-चारदा अलगद फिरवा, तार निघून जाते. पुष्कळजण इथंच चुकतात, तार तशीच ठेवतात, सुरवातीला विळा मस्त कापतो आणि दहा मिनिटांत ती तार दुमडली की बोथट. दगडाला पाणी वापरा नाहीतर तेल, पण एका दगडाला एकच कायम.

दात्र्याच्या विळ्याचं वेगळं असतं. त्याचे दात मुठीकडं कलते असतात, म्हणून तो ओढतानाच कापतो, मारायला तो नाहीच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा ह्याच जातीचा, हलका, भाताला चांगला, आणि त्याला रोज धार लावायची कटकट नाही. फक्त ज्या बाजूला दात पाडलेत त्या बाजूला दगड लावू नका, दातच जातील. झिजला की बदला नाहीतर लोहाराकडनं दात परत पाडून घ्या. भाताचं काड मऊ, त्याला हा चालतो, पण बांधावरचं जाड गवत आणि झुडपं कापायला साधा धारेचाच घ्या.

कापताना डावा हात काड धरतो तो पात्यापासून एक वीत वर पाहिजे. मुठीत मावतील तेवढीच काडं, लोभ करून दोन मुठींचं एकदम धरलं की बाहेरची काडं निसटतात आणि पातं त्यांच्यावरनं वर घसरतं. विळा आपल्याकडं ओढतोय हे लक्षात ठेवून डावा पाय त्या रेघेतनं मागं ठेवा. कापलेली मूठ खाली ठेवताना विळा त्याच हातात फिरवू नका, कडप ठेवायचं, सरळ व्हायचं, मग परत वाकायचं. आणि शेजारच्या ओळीतल्या माणसापासून दोन हात लांब, बोलत बोलत माणसं जवळ येतात ते कळतच नाही.

कोयता म्हणजे निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीकडचा ऊस. ऊस जमिनीला लागून तोडायचा. खालच्या कांड्यांत साखर जास्त असते, आणि वर बुडखा सोडला तर वजनही जातं आणि खोडव्याला, म्हणजे त्याच बुडातनं परत येणाऱ्या उसाला, फुटवेही नीट येत नाहीत. म्हणजे कोयता सारखा माती-दगडाजवळ चालणार, म्हणून उसाच्या कोयत्याची धार विळ्याइतकी बारीक ठेवू नका, जरा जाड उताराची ठेवा, नाहीतर दिवसातनं चारदा टवके उडतात. घाव थोडा तिरका, वरनं खाली. आडवा मारला की चुकला तर नडगीवर येतो.

आता ऑनलाइन ती लांब दांड्याची युरोपातली विळी मिळायला लागलीय, इंग्रजीत साइद म्हणतात, आमच्या एका पाहुण्यांनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला टांगली. चूक अवजाराची नव्हती, ते तिनं कोयत्यासारखं हाणत होते. ती मारायची नसतेच. पात्याची पाठ जमिनीवर घासत राहिली पाहिजे, हात जवळजवळ स्थिर ठेवून कमरेतनं उजवीकडनं डावीकडं वळायचं, पातं अर्धवर्तुळात सरकतं आणि दर वेळी चार-पाच बोटं रुंदीचाच नवा पट्टा कापायचा. दांडा उभ्या माणसाच्या उंचीला जुळवून घ्यायचा, वाकावं लागत असेल तर मुठी चुकीच्या जागी बसवल्यात. गवत दवानं ओलं असताना पहाटे सगळ्यात चांगलं कापलं जातं, आणि तिकडची माणसं दगड पाण्याच्या डब्यात घालून कमरेलाच बांधतात, दर पाच-दहा मिनिटांनी पात्यावर दोन हात फिरवतात. बऱ्याच तासांच्या कामानंतर तिची धार छोट्या ऐरणीवर हातोडीनं ठोकून पातळ करतात, मग दगड. माळावरच्या सपाट गवताला ती खरंच चांगली आहे, पाठ वाचते. खाचरातल्या पडलेल्या भाताला आणि दगडी बांधावर मात्र आपला विळाच.

खिशातला चाकू शेतकऱ्याला रोज लागतो, सुतळी कापायला, ठिबकचा पाइप छाटायला, खताची पोती उघडायला, आंब्याचं कलम बांधायला. मिटणारा घ्या, पातं साधारण ३ इंची, आणि उघडल्यावर लॉक होणारा. लॉक नसलेला चाकू टोकानं काही टोचताना बोटांवर मिटतो. ह्या चाकूची धार दोन्ही बाजूंनी, दगडाशी २० अंशाच्या आसपास. हे मोजायला कागदाचा सरळ कोपरा घ्या, ९० अंश, तो निम्मा दुमडला की ४५, परत निम्मा दुमडला की साडेबावीस, तो दगडावर ठेवून पातं त्याला टेकवून बघा, हाताला अंदाज येतो. दोन्ही बाजूंना सारखेच हात फिरवा आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडनं ओढा. चाकूनं डबा उघडू नका, स्क्रू पिळू नका, टोक तिथंच मोडतं. कैरी किंवा लिंबू कापलं की साधं लोखंडी पातं काळं पडतं, लगेच धुवा. फणस फोडायच्या आधी पात्याला तेल लावा, चीक चिकटत नाही. पण बिजागरीत शेंगतेल घालू नका, ते वाळून चिकट गोंद होतो. तिथं शिलाई मशीनचं तेल, एक थेंब.

कणकुंबीकडच्या पावसात तर रात्रीत गंज चढतो. काम झालं की माती आणि चीक पुसायचा, कोरडं करायचं, तेलाचं फडकं फिरवायचं, दोन मिनिटांचं काम आहे. कातडी म्यानात किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळून महिनोनमहिने ठेवू नका, ओल धरते, नुसतं खुंटीला टांगा, पोरांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर. मूठ हलायला लागली की त्याच दिवशी दुरुस्त करा, लोहार लाख भरून बसवून देतो. तोवर तो विळा कुणाला देऊ नका.

नेताना पात्याला कोरडं गोणपाट गुंडाळून सुतळी बांधा, विशेषतः बाइकवरनं आणि बसमधनं. कायद्याचं थोडं माहीत असू दे. आर्म्स ॲक्ट १९५९ आणि त्याखालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी केलेली अवजारं त्यातनं वगळलेली आहेत. म्हणजे शेताला निघालेला कोयता वेगळा आणि जत्रेत, मिरवणुकीत कमरेला लावलेला तोच कोयता वेगळा, दुसऱ्या ठिकाणी पोलिसांनी विचारलं तर शेतीचं अवजार म्हणून सांगता येणार नाही. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, विमानानं जाणार असाल तर खिशातला छोटा चाकूही चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत चालत नाही.

आणि लागलंच तर, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधे मधे उघडून बघू नका, हात छातीच्या वर. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका, निपाणीकडं तंबाखू हाताशीच असतो म्हणून लोक दाबतात पण त्यानं जखम घाण होते. रक्त थांबलं की वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. बोट हलत नसेल, बधिर वाटत असेल किंवा जखमेची तोंडं उघडी राहत असतील तर टाके लागणार, वेळ घालवू नका. विळ्याला शेतातली माती असते, म्हणून मागचं टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन घेऊन या.